डोक्यावरून गेलेलं पाकीट

एमआरआयच्या खोलीबाहेर आई व्हीलचेअरवर बसली होती आणि मी तिच्या मागे, खुर्चीची हँडल धरून उभी. आतून एक मुलगा आला, हातात रिपोर्टचं मोठं पाकीट. त्याने आईचं पूर्ण नाव वाचलं, आई लगेच 'हो, मीच' म्हणाली आणि हात पुढे केला, आणि त्याने ते पाकीट तिच्या डोक्यावरून माझ्या हातात दिलं. 'डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि यांना पुढच्या वेळी उपाशीपोटी आणा,' एवढं बोलून तो आत गेला. आईचा हात अजून पुढेच होता. मग तिने तो मागे घेतला आणि मांडीवरची शाल नीट करायला लागली, जी आधीच नीट होती.

तो मुलगा उद्धट नव्हता हे आधीच सांगते. दमलेला होता, बाहेरची बाकं भरलेली होती, त्याने आवाज चढवला नाही की काही वेडंवाकडं बोलला नाही, तक्रार करायची म्हटली तर एक ओळही लिहिता येणार नाही. तरी ते पाकीट माझ्या मनातून जात नाही. त्यात जे काही होतं ते तिच्या पोटाचं होतं ना. सुई तिला टोचली, त्या बोगद्यात ती पडून राहिली, तो ठणठण आवाज तिने ऐकला, श्वास रोखा म्हटल्यावर तिने रोखला, सोडा म्हटल्यावर सोडला, आणि शेवटी निरोप मला. पुढच्या वेळी उपाशी राहणार ती आणि सांगितलं मला. तिला ऐकू येतं, समजतं, घरातले सगळे हिशेब आजही तीच ठेवते. पण व्हीलचेअरवर बसलं की माणूस नजरेच्या रेषेच्या खाली जातो, आणि मग बोलणं वरच्यावरच होतं, उभ्या असलेल्यांचं आपापसात.

त्यानंतर मला हे सगळीकडे दिसायला लागलं. 'यांना झोप लागते का?' 'या गोळ्या वेळेवर घेतात का?' 'पोट साफ होतं का यांचं?' हे सगळं समोर बसलेल्या माणसाबद्दल, त्याच्या शेजारच्याला विचारलेलं. आणि याचा परिणाम दोनचार भेटींतच दिसतो बघा. पेशंट स्वतः उत्तर द्यायचं सोडून देतो. आधी तो बोलायला तोंड उघडतो, मग सोबतच्याकडे बघून बोलतो, मग नुसतंच बघतो. घरी मला चार गोष्टी सुनावणारी माझी आई तपासणीच्या खोलीत 'तूच सांग' म्हणायला लागली, आणि ते ऐकून मला जे काही वाटलं ते राग म्हणावं की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती बोलते तेव्हा बोलणं आडवळणाने जातं, हेही खरं. पोटात कधीपासून दुखतंय असं विचारलं की ती सुरुवात करणार, 'त्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते.' आता डॉक्टरांना कपड्यांशी काय करायचंय. पण तिच्या सांगण्यात पुढे येतं की हात वर केला की कळ येत नव्हती, वाकून बादलीतून कपडा उचलला की येत होती, आणि ही गोष्ट कामाची आहे. फक्त तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोघा संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी टेप करून ऐकल्या होत्या. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये पडत होते. २०१८ मध्ये छापून आलेल्या तशाच एका अभ्यासात हा वेळ आणखी कमी निघाला, साधारण ११ सेकंद. अकरा सेकंदांत आई बादलीपर्यंतही पोचत नाही.

आणि न अडवता बोलू दिलं तर माणसं तासभर बोलत बसतील का? हेही स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या एका हॉस्पिटलने मोजून बघितलं. तिथल्या डॉक्टरांना सांगितलं होतं की पेशंट स्वतः थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. ३३५ पेशंट झाले. सरासरी ९२ सेकंद. चारातले तीनहून जास्त जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले, आणि पाच मिनिटांच्या वर गेले ते फक्त सात जण, त्या सातांबद्दलही डॉक्टरांचं म्हणणं होतं की ते कामाचंच बोलत होते. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी हे वाचलं आणि किती तरी वेळ त्या ९२ सेकंदांशीच अडकले. केवढा लहान वेळ आहे तो. रक्तदाब मोजायला त्याच्या आसपासच वेळ लागतो आणि तो मोजायला वेळ नाही असं कुणी म्हणत नाही.

वेळेचं एक विचित्र असतं, तो घड्याळात एक असतो आणि कॉटवर पडलेल्या माणसाला दुसराच वाटतो. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका हॉस्पिटलात मणक्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटना भेटायला जाताना सर्जन काही जणांजवळ उभे राहून बोलले आणि काही जणांजवळ खुर्ची घेऊन बसून, एवढाच फरक. उभं राहून सरासरी १ मिनिट २८ सेकंद दिले गेले, बसून तर त्याहूनही कमी, १ मिनिट ४ सेकंद. नंतर पेशंटना विचारलं, डॉक्टर किती वेळ होते? उभ्या डॉक्टरांबद्दल सरासरी उत्तर आलं पावणेचार मिनिटं आणि बसलेल्या डॉक्टरांबद्दल पाच मिनिटांच्या वर. यात फसवाफसवी आहे असं मला वाटत नाही. उभ्या माणसाचं एक पाऊल दाराकडे असतं, ते पाऊल पेशंटला दिसत असतं आणि तो आपले प्रश्न गिळून टाकतो. बसलेल्या माणसाकडे बघून त्याला वाटतं, चला, एक विचारून घेऊ. आईच्या वॉर्डात मी बघत होते, प्रत्येक कॉटशेजारी एक स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर कायम पिशव्या, थर्मास, फाइली.

नाव सांगणं ही अजून एक गोष्ट. केट ग्रेंजर नावाची एक तरुण डॉक्टर होती इंग्लंडमध्ये, म्हाताऱ्या माणसांवर उपचार करणारी, तिला स्वतःलाच बरा न होणारा कॅन्सर झाला. २०१३ मध्ये ती ॲडमिट असताना तिच्या लक्षात आलं की इथे येणारे बरेच जण आपलं नावच सांगत नाहीत, येतात, काम करतात, जातात. तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून मोहीम सुरू केली, साधी, की पेशंटजवळ गेलात की आधी सांगा, 'नमस्कार, माझं नाव अमुक.' बस. ती हजारो लोकांनी उचलली. २०१६ मध्ये ती गेली, ३४ वर्षांची होती. मला तिच्या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागतं तर हे, की ती डॉक्टर होती, तिला सगळी औषधं, सगळ्या तपासण्या, सगळे आकडे माहीत होते, आणि तरी कॉटवर पडल्यावर तिला कमी पडलं ते नाव. इबोला या जीवघेण्या रोगाच्या साथीत, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात तर चेहराही दिसत नव्हता, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं यायची आणि आजारी माणसाला, लहान मुलांना ती भुतासारखी वाटली असणार. मेरी बेथ हेफर्नन ही कलाकार २०१५ मध्ये तिथे गेली आणि तिने डॉक्टर-नर्सेसचे हसरे फोटो काढून त्यांचे स्टिकर त्या पोशाखावर छातीशी चिकटवायला सुरुवात केली. कोविडमध्येही बऱ्याच ठिकाणी तेच केलं गेलं. त्या फोटोने ताप एक अंशानेही उतरणार नव्हता. पण ज्याच्या जवळ येऊन बसायला घरच्यांनाही परवानगी नाही, त्याला निदान कळावं की माझा हात धरणारा माणूस असा दिसतो.

घरच्यांना परवानगी नाही म्हटलं की मला वॉर्डच्या दारातली ती रोजची झटापट आठवते. भेटीची वेळ संपली, चला, चला. मला ते नियम कळतात, संसर्ग असतो, गर्दी असते, एकेका पेशंटजवळ सहा सहा जण उभे असतात आणि शेजारच्या कॉटवरच्याला झोप हवी असते. पण नियम इतका जुना झाला की तो निसर्गाचाच वाटायला लागतो, तसा तो नसतो. एके काळी इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत लहान मुलांना भेटायची वेळसुद्धा अशीच मोजकी असायची, काही ठिकाणी तर आठवड्यातून एखादाच दिवस, आणि कारण काय तर आईबाप येऊन गेले की मुलं रडतात. न भेटलेली मुलं शांत असतात म्हणजे ती ठीक आहेत, असं सगळे धरून चालले होते, चांगली, मायाळू माणसंसुद्धा. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आलेल्या आपल्या फिल्मसाठी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचे हॉस्पिटलमधले आठ दिवस कॅमेऱ्यात टिपले. फारसं रडत नाही ती त्यात. रडू दाबते, चेहरा ताठ करते, आणि आई येते तेव्हा तिच्यापासून तोंड वळवते. शांत मूल म्हणजे बरं असलेलं मूल हा समज तिथे उघडा पडला, बऱ्याच डॉक्टरांना ते बघून राग आला म्हणतात, पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट समितीने, शिफारस केली की आईबापांना मुलांना कधीही भेटू द्यावं. आज मुलाच्या कॉटशेजारी आई झोपलेली दिसते तेव्हा ते आपल्याला इतकं साधं वाटतं की कधीकाळी याला विरोध झाला असेल हे खरंच वाटत नाही.

शांत पेशंट म्हणजे ठीक असलेला पेशंट, हे मात्र मोठ्यांच्या वॉर्डात अजून चालतंच.

माझ्या मावशीला कॅन्सर निघाला तेव्हा घरात दोन तट पडले होते. एक म्हणत होता तिला सांगायचं नाही, ती खचेल. दुसरा, ज्यात मी होते, म्हणत होता तिला सगळं कळायला हवं, तो तिचा हक्क आहे. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या आणि दोन्ही बाजूंना तिचीच काळजी होती. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना ऐकून घेतलं आणि मग खुर्ची तिच्याकडे वळवून तिला विचारलं, 'रिपोर्टमधलं मी तुम्हाला किती सविस्तर सांगू? सगळं ऐकायचंय, की पुढे काय करायचं तेवढंच?' मावशीने विचार केला आणि म्हणाली, 'पुढचं सांगा. आकडे नकोत. आकडे हिला सांगा,' म्हणजे मला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की वाईट बातमी कशी सांगायची याची सहा पायऱ्यांची एक पद्धत कॅन्सरच्या डॉक्टरांनी २००० साली मांडलेली आहे आणि त्यात बातमी सांगण्याच्या आधी एक पायरी आहे, पेशंटला किती जाणून घ्यायचंय ते त्यालाच विचारायची. आम्ही दोन्ही तट ती पायरी सोडून भांडत होतो. आणि खरं सांगते, तिचं उत्तर मला आवडलं नव्हतं. मला वाटत होतं तिने सगळं मागावं, वाचावं, लढावं. तिला तसं नको होतं. पेशंटचं ऐका हे म्हणायला सोपं आहे, जोपर्यंत पेशंट आपल्याला हवं तेच मागतोय.

मावशीच्या दुखण्याच्या रात्री मी जवळून पाहिल्या. दुखायला लागलं की बेल दाबायची, कुणीतरी येणार, ते फाइल बघणार, विचारून येतो म्हणणार, मग इंजेक्शन, मग ते लागू पडायला वेळ. तोवर ती कॉटची कड धरून. काही दिवसांनी तिने बेल दाबणंच कमी केलं, सारखं सारखं बोलवायला कसंतरी वाटतं म्हणाली. सिसिली सॉन्डर्स या बाईंबद्दल मी तेव्हा वाचत होते. त्या आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलात समाजसेविका, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेवर काम करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं हे पटल्यावर पुन्हा शिकून १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या माणसांची काळजी घेणारी जागा. त्यांनी धरून ठेवलेली एक गोष्ट वरून अगदी साधी वाटते. वेदनेचं औषध दुखल्यावर द्यायचं नाही, ठरलेल्या वेळी द्यायचं, आधीची मात्रा उतरायच्या आत, म्हणजे दुखणं परत येतच नाही आणि माणसाला ते मागावंच लागत नाही. करुणा हा शब्द ऐकला की आपल्याला गोड आवाज, डोक्यावरून फिरणारा हात आठवतो. मला आता वेळापत्रक आठवतं. रात्री दोन वाजता कुणाची मनधरणी न करता मिळालेली मात्रा.

सॉन्डर्स असंही म्हणायच्या की वेदना एकट्या शरीराची नसते, त्यात घरची काळजी असते, एकटेपण असतं, माझ्यामागे काय होईल हे असतं, आणि ते सगळं मिळून एकच दुखणं होतं. मावशीला रात्री जे व्हायचं त्यात किती पोट होतं आणि किती लेकीचं अर्धवट राहिलेलं शिक्षण, हे कुठल्या तपासणीत येणार. एका रात्री तिने आपणहून काढलेला विषय फीचा होता. त्यावर आम्ही तासभर बोललो, कागदावर लिहून काढलं सगळं. त्या रात्री ती झोपली. औषध तेच होतं, तेवढंच होतं.

मामाचंही सांगते, कारण त्यात मला एक वेगळी गोष्ट दिसली. त्याला पक्षाघात झाला, उजवा हात गेला, आणि व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला दिलेला. तो दाबायचाच नाही. घरचे ओरडायचे, हा आळशी झालाय, याला बरंच व्हायचं नाही. मग एक नवीन फिजिओथेरपिस्ट आली, तिने पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही, त्याला विचारलं की तुम्हाला परत काय जमायला हवं, एकच सांगा. मामाचं बोलणंही अडखळायचं तेव्हा, त्याला उत्तर द्यायला खूप वेळ लागला, मामी मध्येच 'चालायला' म्हणाली, तर त्या बाईने हातानेच थांबवलं तिला. शेवटी तो म्हणाला, दाढी. रोज कुणीतरी दुसरं त्याच्या गालावर वस्तरा फिरवत होतं आणि ते त्याला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून चेंडू गेला आणि दाढीचा ब्रश आला. नुसता ब्रश पकडायचा, मग ओला करायचा, मग गालापर्यंत न्यायचा, कोपर टेबलावर टेकवून. स्नायू बहुतेक तेच होते. पण तो दिवसातून चार चार वेळा गालाला फेस लावून बसायला लागला. पुढे पूर्ण दाढी जमली असं नाही, हनुवटीखाली अजून मामीच करते, पण गाल तो स्वतः करतो आणि तिथे कुणाला हात लावू देत नाही.

हे सगळं लिहिताना मला एक भीती वाटते, की वाचणाऱ्याला वाटेल डॉक्टर-नर्सेसनी जरा चांगलं वागावं एवढंच हिचं म्हणणं. तसं नाही. आई ॲडमिट होती तेव्हा रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या, कामाला अतिशय चोख, सलाइन एका झटक्यात लावायच्या, पण बोलणं शून्य. कसं वाटतंय, हा प्रश्नसुद्धा नाही. मला त्या कोरड्या वाटायच्या. एका रात्री पहाटेच्या सुमाराला वॉर्ड जरा निवांत होता आणि त्या टेबलाशी बसून फाइली भरत होत्या, मी पाणी आणायला गेले आणि कसं कोण जाणे, बोलणं निघालं. त्या म्हणाल्या, 'आधी विचारायचे मी सगळ्यांना, कसं वाटतंय म्हणून. पण विचारलं की माणसं सांगायला लागतात हो. आणि तेवढ्यात दुसरी बेल वाजते आणि मला त्यांचं वाक्य अर्धं सोडून पळावं लागतं. त्यांचा चेहरा बघवत नाही मग. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.' मी काय बोलणार. त्या रात्री पूर्ण वॉर्डाला त्या एकट्या होत्या.

ही एकट्या सिस्टरची गोष्ट भावनेपुरती नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ हॉस्पिटलांचा एक अभ्यास आला होता, लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ऑपरेशनच्या पेशंटबाबत त्यांना दिसलं की एका नर्सवर एकेक पेशंट वाढत गेला की पुढच्या ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली असते, आणि नर्सेसची स्वतःची दमछाक, कामाचा वीट, तेही सोबत वाढत जातं. म्हणजे जी व्यवस्था विचारपूस खाऊन टाकते तीच माणसंही खाते. आणि आपण काय करतो तर भिंतीवर 'रुग्णांशी सौजन्याने वागा' अशी पाटी लावतो आणि त्या पाटीखाली एका बाईला एवढ्या कॉटांवर एकटीला सोडून देतो. त्या एमआरआयच्या मुलाने तरी काय करावं, त्याच्या दिवसात पाकिटं किती आणि माणसं किती, हे ठरवणारा त्या खोलीत नव्हताच. पाकीट खाली वाकून आईच्या हातात द्यायला एक सेकंद लागला असता हे मला माहीत आहे, आणि तो एक सेकंद सुचायला डोकं जरा रिकामं लागतं हेही आता माहीत आहे. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

सिस्टरांना मी त्या पहाटे विचारलं होतं, तुम्हाला काय मिळालं तर बरं होईल? मला वाटलं पगार म्हणतील, सुट्टी म्हणतील, ट्रेनिंग म्हणतील. त्यांनी फाइलीतून मान वर न करता लगेच सांगितलं, 'रात्रीला अजून एक सिस्टर द्या या वॉर्डला. बाकीचं येतं आम्हाला.'